शेवटच्या काळाबद्दल जे शिकवता त्याचे वजनही सांगा: नाशिकच्या फादरांना आणि पास्टरांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली आणि परिसरातील कॅथलिक धर्मगुरू,
तसेच इव्हँजेलिकल व पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे पाळक यांस

आदरणीय फादर, आदरणीय पास्टर,

जय ख्रिस्त.

तुम्हा दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण माझी तक्रार दोघांबद्दल आहे आणि विनंतीही दोघांनाच आहे. विषय आहे बायबलच्या शेवटच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय. त्याच्या दुसऱ्या ते सातव्या वचनांत ‘हजार वर्षे’ हा उल्लेख सहा वेळा येतो. ख्रिस्त परत येऊन या पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करणार, की ते राज्य त्याच्या पुनरुत्थानापासून सुरूच आहे? विश्वासी माणसे शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी वर स्वर्गात उचलली जाणार, की सगळ्यांबरोबर त्या संकटातून जाणार? या प्रश्नांवरून माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला आहे. नाताळच्या फराळाची ताटे एकमेकांकडे जायची, तीही आता थांबली आहेत.

माझे माहेर शरणपूरचे, आधी अँग्लिकन आणि पुढे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. लग्न होऊन कॅथलिक घरात आले. सासरे संगमनेरकडून नोकरीसाठी नाशिकरोडला आलेले, बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत घर पाहुण्यांनी भरून जायचे. धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये गेला आणि त्याचे आयुष्य खरोखर सावरले. दारू सुटली, संसार मार्गी लागला. त्यामुळे तुमच्यापैकी कोणत्याही एका बाजूला वाईट ठरवणे मला शक्य नाही. शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे एखादी गोष्ट कुठून आली, कोणी आणली, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, एवढेच.

आधी पास्टरांशी बोलते. माझी भाची दहावीत असताना एका युवक शिबिराला गेली. तिथे भिंतीवर भला मोठा तक्ता लावून शिकवले गेले: आधी मंडळीचे उचलले जाणे, मग सात वर्षांचे महासंकट, ख्रिस्तविरोधी, श्वापदाची छाप, हर्मगिदोनची शेवटची लढाई, मग हजार वर्षे. ‘आज रात्री प्रभू आला तर तू जाशील की राहशील?’ असे एकेकाला उभे करून विचारले. पोर घरी आली ती अभ्यास सोडूनच. दिवा लावून झोपायची. एका दुपारी ती क्लासहून आली तेव्हा घराचे दार उघडे होते, गॅसवर भाजी होती आणि आई शेजारी काही आणायला गेली होती. घरात कोणी नाही हे पाहून ती किंचाळत रस्त्यावर धावली. सगळे उचलले गेले आणि आपण मागे राहिलो, असे तिला वाटले होते. तिला शांत करायला आम्हाला फार दिवस लागले. ज्या प्रभूने लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या म्हटले, त्याच्या येण्याची वार्ता ऐकून एक लेकरू घराबाहेर पळते, यावर कोणत्याही पाळकाने विचार करायला हवा.

आता फादर, तुमच्याकडे वळते. माझा पुतण्या हुशार, वाचणारा. मित्रांनी त्याला हजार वर्षांबद्दल छेडले तेव्हा तो आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) विचारायला गेला. उत्तर मिळाले, ‘ते त्या लोकांचे वेड आहे, तू त्यात पडू नकोस.’ त्याने दोन-तीन जणांना विचारले. सगळीकडे तेच. ज्यांनी त्याच्यासमोर बायबल उघडले, वचने दाखवली, रात्री उशिरापर्यंत बसून बोलले, त्यांच्याकडे तो गेला. त्याला दोष कसा देऊ? वर्षाच्या अखेरीला, नोव्हेंबरात, मिस्सेतली वाचने शेवटच्या दिवसांचीच असतात. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचे शुभवर्तमान प्रभूच्या येण्याबद्दलच असते. प्रत्येक मिस्सेत त्याच्या पुन्हा येण्याची घोषणा आपण एका स्वराने करतो. आणि प्रवचन मात्र नाताळच्या तयारीवर, गोठ्यावर, तारखांवर आणि वर्गणीवर होते. ओठांवर रोज असलेली आशा कोणी समजावून सांगायचीच नाही, हे कसे चालेल?

म्हणून माझे मागणे एकच आहे. जे शिकवता त्याचे वजनही सांगा. काय मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या मूळ विश्वासघोषणेत आहे, काय तुमच्या चर्चची अधिकृत शिकवण आहे, काय एखाद्या विचारपरंपरेचे मत आहे आणि काय केवळ एखाद्या वक्त्याचा अंदाज आहे, हे वेगवेगळे करून सांगा. आज आमच्यासमोर हे सारे एकाच आवाजात, एकाच खात्रीने मांडले जाते, किंवा मांडलेच जात नाही.

मतांगीकारात काय आहे ते दोघांचेही एकच आहे. येशू गौरवाने परत येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, मेलेले उठतील, आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. ‘अंत होणार नाही’ हे शब्द ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपासून चालत आले आहेत. प्रॉटेस्टंट सुधारणा त्यानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी झाली. म्हणजे भांडणाच्या मुळाशी असलेला विश्वास सामाईक आहे. वाद आहे तो त्या येण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्रमाबद्दल.

कॅथलिक बाजूची अधिकृत शिकवण मी माझ्या परीने वाचली आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले संत ऑगस्टीन स्वतः आधी एका प्रकारच्या हजार वर्षांच्या राज्याची आशा धरत होते. पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्यांनी ते मत सोडल्याचे लिहिले आणि सांगितले की सैतान बांधला गेला तो ख्रिस्ताच्या पहिल्या येण्याने, आणि हजार वर्षे म्हणजे चर्चचा हा सगळा काळ. पश्चिमेकडच्या चर्चने बहुतांशी तेच स्वीकारले. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाचा (कॅटेकिझमचा) ६७६ वा परिच्छेद सांगतो की इतिहासाच्या आतच मसीहाचे राज्य पूर्ण होईल असा दावा, सौम्य रूपातला असला तरी, चर्च नाकारते. आणि राजकीय मुक्तीच्या रूपातला तर विशेषच. त्याच्या आधीचा ६७५ वा परिच्छेद मात्र फार थोड्या कॅथलिकांनी ऐकला असेल. ख्रिस्त येण्याआधी चर्चला एका अखेरच्या कसोटीतून जावे लागेल आणि त्यात अनेकांचा विश्वास डळमळेल, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे ‘कॅथलिक लोक शेवटचा काळ मानतच नाहीत’ हे पास्टरांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि ‘आपल्यात असले काही नसते’ हे फादरांचे म्हणणेही चुकीचे आहे.

आता वजनाचा मुद्दा. १९४४ साली रोमच्या होली ऑफिसला, म्हणजे श्रद्धेच्या शिकवणीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला, विचारण्यात आले की ख्रिस्त शेवटच्या न्यायाआधी दृश्य रूपाने येऊन पृथ्वीवर राज्य करील, हे सौम्य मत शिकवावे काय. उत्तर आले की ते सुरक्षितपणे शिकवता येणार नाही. हे मत मानणारा पाखंडी आहे, असे त्या उत्तरात म्हटलेले नाही. नकार स्पष्ट आहे, पण तो मोजून मापून दिलेला आहे. मग आपल्याकडे प्रवचनात त्याचे ‘वेड’ कसे होते?

आणि ल्यॉनचे संत इरेनियस? दुसऱ्या शतकातल्या या बिशपांनी पृथ्वीवरच्या त्या राज्याबद्दल अगदी उघडपणे, मोठ्या आशेने लिहिले आहे. २१ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना चर्चचे महापंडित म्हणून घोषित केले आणि पदवी दिली ती ऐक्याच्या महापंडिताची. त्यांच्या हजार वर्षांच्या मताचा स्वीकार त्यात नाही, हे मला कळते. पण ते मत धरणारा माणूस चर्चला आदरणीय गुरू म्हणून चालतो, तर माझ्या भावाला निदान शेजारच्या बाकावर बसायला जागा असावी.

याच दुसऱ्या शतकातल्या आणखी एकाचे नाव मला इथे घ्यायचे आहे, कारण या सगळ्या वादात त्यांच्याइतके नीट बोललेले मला कोणी आढळले नाही. हुतात्मा जस्टिन. ट्रायफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला त्यांचा संवाद ग्रंथरूपाने आपल्याकडे आला आहे. ट्रायफो विचारतो, यरुशलेम पुन्हा बांधले जाईल आणि तुम्ही तिथे मसीहाबरोबर आनंद कराल, हे तुम्ही खरेच मानता का? जस्टिन म्हणतात, होय, मी आणि माझ्यासारखे अनेक जण मानतो. पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे असेही पुष्कळ ख्रिस्ती आहेत ज्यांना हे पटत नाही. इतक्या लवकर, छळाच्या काळात, एक माणूस आपले मत ठामपणे मांडतो आणि त्याच दमात मतभेद असलेल्यांच्या विश्वासाची साक्षही देतो. आपल्या शहरात असे एक वाक्य तरी व्यासपीठावरून ऐकू येते का? पास्टर, जस्टिन तुमच्या बाजूचे आहेत. फादर, त्यांचा सण तुम्ही १ जूनला पाळता.

आता इव्हँजेलिकल शिकवणीचे वजन. भावाच्या घरी मला नेहमी ऐकू येते की महासंकटाआधी मंडळी उचलली जाणार हीच बायबलची साधी, सरळ शिकवण आहे आणि ती नाकारणारे बायबल नाकारतात. या क्रमाची बांधणी आज जशी शिकवली जाते तशी ती जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून आली. डार्बी १८०० साली जन्मले, १८८२ साली वारले. १८३० च्या दशकापासून त्यांनी ही मांडणी प्लिमथ ब्रदरन नावाच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुजवली, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या बायबलने ती जगभर नेली. टीप खाली आणि वचन वर, एकाच पानावर, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटू लागले. सात वर्षांचा हिशेबही प्रकटीकरणात लिहिलेला नाही. तिथे बेचाळीस महिने आणि १,२६० दिवस आहेत. सात वर्षे येतात ती दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तराव्या सप्तकाला (सात वर्षांचा गट असे धरून) शेवटच्या काळाशी जोडल्यावर. ती जोडणी बरोबर असू शकेल, मी विद्वान नाही. पण ती जोडणी आहे, हे शिबिरातल्या मुलांना सांगायला नको का?

आणि इव्हँजेलिकल सगळे तरी कुठे एकमताचे आहेत? जॉर्ज लॅड हे अमेरिकेतले मोठे इव्हँजेलिकल अभ्यासक. ख्रिस्त हजार वर्षे पृथ्वीवर राज्य करील हे ते मानत, पण मंडळी महासंकटातून जाईल असे त्यांनी १९५६ च्या पुस्तकात वचनांच्या आधाराने मांडले. अठराव्या शतकातल्या जोनाथन एडवर्ड्स यांना वाटे की सुवार्तेच्या विजयाचा मोठा काळ आधी येईल आणि प्रभू त्यानंतर येईल. त्याही मागे गेलात तर लूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीचे सतरावे कलम पुनरुत्थानाआधी भक्तांचे पृथ्वीवर राज्य होईल ही कल्पना नाकारते, आणि कॅल्विन यांनी तर ती खंडन करण्याच्याही योग्यतेची नाही असे लिहिले. म्हणजे ऑगस्टीन, लूथर आणि कॅल्विन या प्रश्नापुरते एका रांगेत बसतात. हजार वर्षांवरून कॅथलिकांना बायबलद्रोही म्हणणारा पास्टर, कळत असो वा नसो, लूथरलाही तेच म्हणत असतो.

उलट्या बाजूची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. चिलीमध्ये जन्मलेले मान्युएल लाकुंझा हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १७६७ साली स्पेनच्या राजाने आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हाकलले, तेव्हा ते इटलीतल्या इमोला गावी येऊन राहिले. तिथे एकांतात त्यांनी मसीहाच्या गौरवी आगमनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि लेखक म्हणून एका यहुदी नावाचा आडोसा घेतला. ख्रिस्त येईल, मग पृथ्वीवर त्याचे राज्य होईल, असे त्यात आहे. १८०१ साली ते वारले, ग्रंथ छापून निघाला तो त्यानंतर, आणि १८२४ साली रोमने त्याला वर्ज्य पुस्तकांच्या यादीत घातले. तीनच वर्षांनी, १८२७ मध्ये, एडवर्ड आयर्विंग या प्रॉटेस्टंट उपदेशकाने त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. डार्बींच्या पिढीतल्या इंग्लंडात हजार वर्षांच्या राज्याची जी लाट उसळली, तिला बळ देणाऱ्या पुस्तकांत हे एक होते. एका कॅथलिक धर्मगुरूचे पुस्तक त्याच्याच चर्चने बाजूला ठेवले आणि प्रॉटेस्टंटांनी उचलून धरले. इतकी गुंतागुंत असलेल्या इतिहासाचे ‘आपण’ आणि ‘ते’ असे दोन तुकडे करता येत नाहीत.

इथे एका माणसाचे नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अँथनी नॉरिस ग्रोव्हज. ते डार्बींचे आरंभीचे सहकारी, ब्रदरन चळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक. बगदादमधून १८३३ साली ते हिंदुस्थानात आले. १८३६ मध्ये त्यांनी बोडेन आणि बिअर ही दोन जोडपी आणली, आणि त्यांनी गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला काम सुरू केले. आपल्या त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदा जिथे समुद्राला मिळते, तिथे. त्याच १८३६ साली इंग्लंड सोडताना ग्रोव्हज यांनी डार्बींना पत्र लिहिले. त्यातला इशारा असा, की आपण एकमेकांना स्वीकारायचे ते ख्रिस्तातल्या समान जीवनामुळे. समान मते असतील तरच सोबत, असे ठरवू लागलो तर आपली मंडळी ज्या संकुचितपणातून बाहेर पडली तिथेच परत जाईल. पुढे ब्रदरन मंडळ्या खरोखरच फुटल्या. प्रभूच्या येण्याची वाट ग्रोव्हजही डार्बींइतक्याच आतुरतेने पाहत होते. पास्टर, डार्बींचा तक्ता तुमच्या भिंतीवर आहे, तर ग्रोव्हज यांचे पत्रही शेजारी लावा.

माझी सगळ्यात मोठी खंत थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाबद्दल आहे. विश्वासी जन मेघांमध्ये प्रभूला भेटायला वर नेले जातील हे वचन तिथलेच. ते कशासाठी लिहिले गेले ते आधीच्या वचनांत आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीतली काही माणसे मरण पावली होती आणि मागच्यांना घोर लागला होता: प्रभू येईल तेव्हा आमची गेलेली माणसे त्याला मुकणार काय? पौल उत्तर देतो की नाही, उलट ती आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र असू, आणि सदैव प्रभूजवळ असू. आणि शेवटी सांगतो, या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. शोकात बुडालेल्या घराला धीर देण्यासाठी हे लिहिले गेले. आमच्या घरात मयत झाली तेव्हा कबरस्तानातच एका परिचिताने हेच वचन काढून माझ्या यजमानांना विचारले, ‘त्या गेल्या, पण उठताना कुठे असतील ते ठाऊक आहे का?’ मातीची मूठ अजून हातात होती. त्या दिवशी फादरांनी त्या वचनाचा खरा अर्थ दोन वाक्यांत सांगितला असता तर आम्हाला आधार झाला असता. ते गप्प राहिले. बहुधा वाद नको म्हणून. पण ज्या वचनाचे सांत्वन आमच्यासाठी लिहिले होते, ते एकाने हिसकावून घेतले आणि दुसऱ्याने परत आणून दिले नाही.

तसेच बाबेलचे. प्रकटीकरणाच्या सतराव्या-अठराव्या अध्यायातली मोठी कलावंतीण म्हणजे रोमचे कॅथलिक चर्च, हे सुधारणेच्या काळापासून सांगितले जात आले आहे, आणि नाशिकच्या मोबाइलवर आजही फिरते. योहानाच्या काळचे वाचक सात टेकड्यांवरचे नगर म्हटल्यावर कैसराचे रोम ओळखत होते, हे पास्टर, तुमचे बहुतेक अभ्यासकही मान्य करतील. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते अठराव्या अध्यायातले बारावे-तेरावे वचन. बाबेलचे व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. मालाची यादी सोन्याने सुरू होते: सोने, रुपे, रत्ने, तागाचे कापड, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, गहू, गुरे, घोडे. आणि यादीच्या टोकाला येतात गुलाम, माणसांचे जीव.

मी शरणपूरची आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वस्ती उभी केली. हिंदी महासागरात गलबतांमधून सोडवलेली आफ्रिकेतली गुलाम मुले इथे आणली जात. इथे ती वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत मरण पावले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा, झाडावर त्यांचे नाव कोरणारा, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पार्थिवाबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत जाणारा तो नाशिकमध्ये शिकलेला तरुण होता. बाबेलच्या यादीतला ‘माल’ आपल्या शहरात माणूस म्हणून उभा राहिला. अठरावा अध्याय वाचताना नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला पहिल्यांदा हे आठवायला हवे. वेठबिगारी, विकल्या गेलेल्या मुली, ऊसतोडीला उचल घेऊन बांधली गेलेली कुटुंबे, ही यादी आजही संपलेली नाही. पण त्या अध्यायातून आपण एकमेकांना घालायच्या शिव्या तेवढ्या शोधल्या.

इस्राएलबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर बोलायला लागले की माणसे ऐकणे बंद करतात. यहुदी लोकांना देवाने टाकलेले नाही, हे रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे आणि दोन्ही बाजू ते मानतात. पण युद्धाची प्रत्येक बातमी ‘भविष्यवाणी पूर्ण झाली’ म्हणून आनंदाने पुढे पाठवली जाते, तेव्हा बातमीतल्या माणसांचे काय? गाझातल्या होली फॅमिली चर्चवर १७ जुलै २०२५ रोजी इस्रायली मारा झाला आणि तिथे आसरा घेतलेल्यांपैकी तिघे मरण पावले. ज्या दिवशी आपल्याच विश्वासाची माणसे मारली जातात, त्या दिवशी तक्त्यावरची पुढची खूण कोणती हे पाहत बसणे मला सहन होत नाही.

आणि प्रभूच्या येण्याच्या तारखा. १८४४ साली विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबरची वाट पाहिली, शेते कापली नाहीत, आणि सकाळ झाल्यावर रडले. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे सांगितला. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाच्या व्हिडिओवरून पुन्हा तारीख फिरली, आणि आपल्याकडेही कुजबुज झालीच. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. सिंहस्थाची तयारी चालू असताना शेजारच्या काकू मला विचारत होत्या, आमचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की येतो, पंचांगात आधीच दिसतो, तुमचा येशू कधी येणार? मी म्हणाले, काकू, आम्हाला तारीख दिलेलीच नाही, जागे राहायला सांगितले आहे. त्यांना ते आवडले. शहराला आपण हे एकमुखाने सांगू शकलो तर किती बरे होईल.

मी कोणाला आपले मत सोडायला सांगत नाही. माझे स्वतःचे मन ऑगस्टीन यांच्या बाजूला झुकते, हे लपवत नाही. विसाव्या अध्यायाच्या आसपास साखळदंड, किल्ली, अजगर, अथांग कूप हे सगळे चित्ररूप आहे, तर मधली हजार वर्षे तेवढी कॅलेंडरची कशी धरावी, हे मला उलगडत नाही. भाऊ म्हणतो, पहिले पुनरुत्थान आणि बाकीच्या मेलेल्यांचे जिवंत होणे लागोपाठच्या वचनांत आले असताना एक आत्मिक आणि एक खरे, असे कसे म्हणतेस? त्याचा प्रश्न बिनतोड आहे, आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर नाही. आम्ही दोघे यावर तासन् तास बोलतो आणि शेवटी एकत्र प्रार्थना करतो. हे घरात जमते, तर धर्मग्रामात आणि मंडळीत का जमू नये?

पास्टर, मुलांच्या शिबिरात घाबरवून विचारायचे ते प्रश्न बंद करा. कॅथलिक चर्चला कलावंतीण म्हणणारे संदेश तुमच्या गटांवर येतात तेव्हा तुम्ही स्वतः उत्तर द्या. तुमचे लोक आमचे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतात. फादर, यंदाच्या आगमनकाळात निदान एका रविवारी प्रकटीकरण उघडा, ६७५ आणि ६७६ हे दोन्ही परिच्छेद वाचून दाखवा, आणि प्रश्न घेऊन येणाऱ्या पोराला बसायला खुर्ची द्या.

आणि एक गोष्ट दोघांनी मिळून करा. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. इरेनियस यांची घोषणाही याच आठवड्यात झाली होती. त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्या. विसावा अध्याय सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला जावा. मग फादरांनी इव्हँजेलिकल मांडणी समजावून सांगावी आणि पास्टरांनी कॅथलिक शिकवण, आणि ती दुसऱ्याला ‘होय, आम्ही हेच मानतो’ असे म्हणता येईल इतकी नीट सांगावी. त्यानंतर आपापले मत मांडा, हवे तेवढे ठामपणे. प्रश्न मुलांकडून चिठ्ठ्यांवर घ्या, नाव न लिहिता. सीएनआयची मंडळी मध्यस्थ म्हणून बसायला तयार होतील, मी विचारून ठेवले आहे. हॉल, चहा आणि खुर्च्यांचे आम्ही तिन्हीकडच्या बायका मिळून पाहू. तुम्ही दोघांनी फोनवर बोलून वार तेवढा ठरवा आणि दिवाळीच्या आधी कळवा, म्हणजे हॉल मिळेल.

आपली विश्वासू,
शरणपूरची एक निवृत्त शिक्षिका, नाशिक